विद्यापीठाचं जुनं सॉफ्टवेअर: डागडुजी, समर्थ, खासगी ईआरपी की स्वतःचं?

परीक्षा विभागाच्या कोपऱ्यात एक जुना संगणक असतो आणि त्यावर सेलोटेपने चिकटवलेला कागद: 'कृपया बंद करू नये.' नाशिकमध्ये दोन संस्थांत मी हे दृश्य पाहिलंय. नावं राहू द्या. आत फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला प्रोग्रॅम, त्यात पंधरा-वीस वर्षांचे निकाल, आणि तो चालवणारे काका निवृत्तीला टेकलेले. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मधली. जानेवारी २०१५ पासून मायक्रोसॉफ्टने त्याकडे बघणंही सोडलं. तरी दुबार गुणपत्रक मागायला कोणी आलं की सगळा विभाग त्याच कोपऱ्याकडे वळतो.

बदलायला हवं यावर एकमत असतं, वाद असतो काय घ्यायचं यावर. समितीपुढे साधारण चार प्रस्ताव येतात. आहे त्याचीच डागडुजी. दिल्ली विद्यापीठात तयार झालेलं, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतलं, विद्यापीठाचा कारभार चालवायचं 'समर्थ' सॉफ्टवेअर. खासगी कंपनीचं तयार ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. किंवा ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त स्रोतावर, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही घेऊन बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, स्वतःचं बांधणं. माझं मत आधीच सांगतो: या चौघांतला फरक प्रवेश, फी किंवा हजेरीत कळत नाही, तिथे सगळेच पास होतात. तो कळतो परीक्षा विभागात.

म्हणून कंपनीचा माणूस प्रोजेक्टर लावून रंगीत डॅशबोर्ड दाखवायला लागला की त्याला थांबवा आणि तुमच्याकडचा सर्वांत अवघड विद्यार्थी द्या. समजा एक मुलगी. २००९ चा प्रवेश, वार्षिक पद्धत. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, पुढे गेली. मध्ये अभ्यासक्रम बदलला, सत्र पद्धत आली, तिच्या जुन्या विषयाला समकक्ष विषय ठरवला गेला. एका पेपरला पुनर्मूल्यांकनात चार गुण वाढले, दुसऱ्याला ग्रेसचे तीन मिळाले. लग्नानंतर नाव बदललं, राजपत्राची प्रत नस्तीत आहे. आता तिला दुबार गुणपत्रक हवंय, जुन्या नावाने, पण पदवी प्रमाणपत्र नव्या नावाने. हा एक पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) भरून गुणपत्रक छापून दाखवा म्हणावं.

डागडुजीवाले हसत हसत पास होतात, कारण त्यांचा प्रोग्रॅम हे सगळं सोसतच मोठा झालाय. स्वतःचं बांधणारे पास होऊ शकतात, पण नियम लिहून द्यायला परीक्षा विभागातला जाणकार माणूस सहा-आठ महिने त्यांच्याजवळ बसला तर. खासगी कंपन्या 'होऊन जाईल सर' म्हणतात. त्याचं भाषांतर 'तुमच्या खर्चाने करून देऊ' असं घ्यावं. समर्थची अडचण वेगळी. अनेक विद्यापीठं एकाच गाडीत बसलेली असल्यामुळे तुमच्या एका अध्यादेशासाठी गाडी वळवणं सोपं नाही. नियम सरळ असतील तर उत्तम, वाकडे असतील तर आधी नियमांचीच साफसफाई करावी लागते. खरं सांगायचं तर काही विद्यापीठांना ती साफसफाई सॉफ्टवेअरपेक्षा जास्त गरजेची आहे.

निकालात घाई केली की काय होतं ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पाहिलं. उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सर्वत्र लागू केली, निकाल महिनोन्महिने रखडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात निकालासाठी ३० दिवस, फार तर ४५ दिवस, असं लिहिलेलं आहे. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या महाविद्यालयांना हे आकडे पाठ आहेत.

आता मराठी. निविदेत 'मराठी सपोर्ट आवश्यक' एवढं एक वाक्य असतं आणि सगळे 'होय' लिहितात. पण जुनी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशा प्रमाण संकेतात, नसतात. ती डीव्हीबी सुरेख किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी, वर फाँटचा मुखवटा. रूपांतराचं साधन नव्वद टक्के काम करतं आणि उरलेल्या दहात कुऱ्हाडे, बऱ्हाटे, ज्ञानेश्वर अशी मंडळी सापडतात. पदवीवर नाव चुकलं तर ती दहा टक्के माणसं रांग लावून येतात. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे नावाचा क्रम. आपल्याकडे आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. बाहेर बनलेल्या प्रणालीत हे चार रकाने तसेच आहेत का, हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि कोणी बघत नाही. या मुद्द्यावर चारही पर्याय सारखेच उघडे पडतात, कारण रूपांतर कोणी करायचं हे करारात लिहिलेलंच नसतं.

पैशाचं सांगतो. समर्थला परवाना शुल्क नाही, हे त्याचं मोठं बळ. पण माहिती भरणं, प्रशिक्षण, दोन प्रणाली काही महिने शेजारी शेजारी चालवणं हा खर्च तिथेही आहेच, आणि तो तुमच्या माणसांच्या वेळेत मोजावा लागतो. खासगी कंपन्या सहसा दर विद्यार्थ्यामागे वर्षाला पैसे घेतात. समजा दर १५० रुपये आणि विद्यार्थी ४० हजार, तर वर्षाला ६० लाख, पाच वर्षांत ३ कोटी. वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी पहिल्या वर्षाचा देकार न बघता हा पाच वर्षांचा आकडा बघावा. मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर फुकट, पण ते सांभाळायला तीन-चार चांगली माणसं कायम पगारावर हवीत. करारावरची मुलं दोन वर्षांत पुण्याला जातात, आणि त्यांचं काय चुकलं?

मॉड्यूल मोजायची सवय मात्र सोडा. 'चाळीस मॉड्यूल' ऐकून समित्या खूष होतात. अनुदानित कर्मचाऱ्यांचा पगार सेवार्थ या राज्याच्या पगार प्रणालीतून निघतो, शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर जाते, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सीईटी कक्ष करतो. मग ती मॉड्यूलं विकत घेऊन काय करणार? तिकडे लागणारी माहिती हव्या त्या नमुन्यात बाहेर काढता आली की पुरे. श्रेयांक (क्रेडिट) मात्र ते विद्यार्थ्याच्या खात्यात साठवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सकडे नियमित जायलाच हवेत. तिथे समर्थ आणि खासगी ईआरपी पुढे आहेत, डागडुजीवाले साफ मागे.

नाशिकमध्येच बघा, गरजा किती वेगळ्या. मुक्त विद्यापीठाचं १९८९ पासूनचं काम राज्यभरच्या अभ्यासकेंद्रांवर पसरलेलं, तिथे पुस्तकं पोचणं आणि केंद्राचा हिशेब यांना परीक्षेइतकंच वजन. दिंडोरी रस्त्यावरचं १९९८ चं आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्नता, पात्रता आणि परीक्षा यांवर उभं. खासगी विद्यापीठाला फी आणि प्रवेशाची चौकशी आधी. एकाला शोभलेलं सॉफ्टवेअर 'त्यांनी घेतलं म्हणून' दुसऱ्याने घेऊ नये.

बाहेर पडायची वाट हा माझ्या लेखी निर्णायक प्रश्न. एका संस्थेने कंपनी बदलायचं ठरवलं तेव्हा तिला स्वतःच्याच विद्यार्थ्यांची माहिती पीडीएफमध्ये मिळाली. हजारो पानं! करारात 'माहिती संस्थेची राहील' असं होतं, पण कोणत्या स्वरूपात द्यायची ते नव्हतं. म्हणून खासगी पर्याय घेणार असाल तर दर महिन्याला पूर्ण डेटाबेसची प्रत तुमच्या सर्व्हरवर आणि तिच्यातल्या रकान्यांचा खुलासा, ही अट पैशाच्या हप्त्याशी बांधा. समर्थलाही हाच प्रश्न लेखी विचारा, सरकारी आहे म्हणून सोडू नका. शिवाय वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती फुटली तर विद्यार्थी कंपनीचं नव्हे, विद्यापीठाचं नाव घेणार.

तर निवड. सार्वजनिक विद्यापीठ असेल आणि नियम फार वाकडे नसतील तर समर्थ घ्या. प्रवेश, आस्थापना, नस्ती आधी हलवा, परीक्षा सर्वांत शेवटी. खासगी विद्यापीठाला तयार ईआरपी परवडेल, वरची अट मान्य करणारी कंपनी मिळाली तर. स्वतःचं बांधणं फक्त तिथेच, जिथे संगणक विभागाला मंजूर पदं आहेत आणि ती भरलेली आहेत. आणि डागडुजी? तिला नवं काम देऊ नका, पण मारूही नका. जुने निकाल युनिकोडमध्ये उतरवून, मूळ लेजरशी ताडून घेईपर्यंत तो संगणक फक्त वाचण्यासाठी चालू ठेवा. त्यातल्या सगळ्या डीबीएफ (फॉक्सप्रोची माहिती साठवणाऱ्या) फायलींच्या दोन प्रती मात्र याच आठवड्यात काढा आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

वेळापत्रक ठरवताना पंचांगही बघा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. रस्ते बंद, कर्मचारी कुंभाच्या ड्युटीवर, आणि कंपनीचा माणूस पुण्याहून निघाला तर वेळेवर पोचेलच याची खात्री नाही. उन्हाळी २०२७ चे निकाल जुन्याच व्यवस्थेवर लावून मोकळे व्हा. नव्यावर पहिली परीक्षा हिवाळी सत्राची, आणि तीही सर्वांत कमी विद्यार्थी असलेल्या एका विद्याशाखेची.