समुद्राच्या पाण्याचं किट मागवलं, आठवीच्या वर्गात दोन आठवडे वापरलं, त्याची गोष्ट

आधीच सांगते, मी विज्ञान शिकवते, सोलापुरात, आणि आमच्या वर्गातल्या बेचाळीस पोरांपैकी समुद्र बघितलेली पोरं फक्त नऊ. त्यामुळे 'समुद्राचं आम्लीकरण' असं नाव असलेलं प्रयोगाचं किट ऑनलाइन दिसलं तेव्हा आधी हसूच आलं, इथे उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि आपण समुद्राची काळजी करायची. पण घेतलं. १४५० रुपये, डिलिव्हरी सहा दिवसांत, पॅकिंग एकदम चांगलं, काचेचं काही फुटलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असली किटं सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असतात आणि मला माल कसा आहे ते सांगायचंय, भांडायचं नाहीये.

आत काय आहे: ब्रोमोथायमॉल ब्लूची छोटी बाटली (हा रंग आम्लात पिवळा, आम्लारीत निळा आणि मध्ये हिरवट दिसतो), सामू म्हणजे pH बघायच्या पट्ट्या (सामू जितका कमी तितकं पाणी जास्त आम्ल), सहा शिंपले, मिठाची पुडी, व्हिनेगर, खायचा सोडा, प्लास्टिकचे ग्लास, स्ट्रॉ, रबरी नळी आणि खिशात मावणारा डिजिटल वजनकाटा जो ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो. काटा एक नंबर आहे, नुसता तोच घ्यायला गेलं तरी चारपाचशे जातात. सोबत माहितीपत्रक, इंग्रजी, हिंदी आणि मराठी. मराठी मशीनने केलंय हे पहिल्याच ओळीत कळतं, शिंपल्याला सगळीकडे 'टरफल' लिहिलंय, मी मोठ्याने वाचलं तर मागच्या बाकावरून 'मॅडम, शेंगांचं का?' आणि मग पाच मिनिटं वर्ग हातात नाही. सोलापूर आहे ओ, शेंगा म्हटलं की विषय संपला.

पहिला प्रयोग सगळ्यात भारी आहे, त्याच्यासाठी पैसे वसूल. मोठ्या ग्लासात सोडा, त्याच्या तोंडाशी आतून एक छोटा ग्लास चिकटवायचा, त्यात ब्रोमोथायमॉल घातलेलं निळं पाणी, मग मोठ्या ग्लासात व्हिनेगर ओतून वरून झाकण. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो ग्लासातच बसतो, पाण्यावर टेकतो आणि त्यात विरघळून आम्ल बनवतो. एक-दोन मिनिटांत पाण्याच्या अगदी वरच्या थराला पिवळी कड येते, नखाएवढी, आणि ती हलक्या धाग्यांसारखी खाली उतरायला लागते. पाण्याला कुणी हात लावलेला नाही, व्हिनेगरचा थेंबही पडलेला नाही, नुसती वरची हवा बदलली. पोरं गप्प बसून बघत होती, आठवीची पोरं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

पण इथेच पहिली खोड निघाली. किटातली पुडी म्हणजे साधं मीठ. पत्रकाप्रमाणे ते डिस्टिल्ड पाण्यात घालून 'समुद्राचं पाणी' करायचं, तर ते पाणी निळं होतच नाही, सुरुवातीपासूनच हिरवट. समुद्राचं पाणी म्हणजे मीठ आणि पाणी इतकंच नसतं ना, त्यात बायकार्बोनेट असतं, खायच्या सोड्यात असतं तेच, म्हणून त्याचा सामू ८.१ च्या आसपास राहतो. मी लिटरभर पाण्यात खायच्या सोड्याची चिमूट टाकली आणि लगेच निळं झालं. ही एक ओळ पत्रकात टाकायला काय जात होतं? आमच्या शाळेच्या बोअरचं पाणीही वापरून बघितलं, ते आपोआप निळं आणि स्ट्रॉने त्यात श्वास (त्यातही कार्बन डायऑक्साइड असतोच) फुंकून फुंकून पोरांचे गाल दुखले तरी लवकर पिवळं होईना, कारण त्यात बायकार्बोनेटचे क्षार एवढे की गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ते आपण बघतोच. डिस्टिल्ड पाणी दोन फुंकांत पिवळं. हा फरक किटवाल्यांच्या डोक्यातही नसेल, पण माझा एक अख्खा तास त्यावर झाला.

आता शिंपल्यांचं. सहाच्या सहा शिंपले चकचकीत, व्हिनेगरमध्ये टाकले तर एक बुडबुडा नाही. मला वाटलं व्हिनेगरच पाणी घातलेलं आहे. मग नीट बघितलं तर शिंपल्यांवर वॉर्निश! शोभेच्या वस्तूंच्या दुकानातला माल उचलून भरलाय. गड्ड्याच्या जत्रेत शिंपल्यांच्या फ्रेमचे आरसे मिळतात ना, तशातला. कानशीने घासल्यावर घासलेल्या रेघेवरूनच बुडबुड्यांची माळ निघाली, तेवढं मात्र दिसायला सुंदर होतं. शेवटी रत्नागिरीच्या मावसबहिणीकडून तिसऱ्यांचे, म्हणजे कोकणात खातात त्या, शिंपले मागवले, तिच्याकडे कचऱ्यात जातात. त्यातला एक ३.८४ ग्रॅमचा, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी एकाने काढला, तसाच काट्यावर ठेवला आणि ओरडला, 'मॅडम, वजन वाढलं की!' ओला होता, दुसरं काय. पुसून, उन्हात वाळवून (सोलापूरच्या उन्हात अर्धा तास पुष्कळ) परत मोजला तर ३.२९. कडा पातळ झालेल्या, नखाने खडूसारखी पूड निघत होती.

आणि इथे माझी मोठी तक्रार आहे. पत्रकात लिहिलंय, 'अशा प्रकारे समुद्रात शिंपले विरघळतात.' नाही हो. व्हिनेगरचा सामू तीनच्या खाली, समुद्राचा औद्योगिक क्रांतीच्या आधी साधारण ८.२ होता तो आता ८.१ झालाय. समुद्र अजून आम्लारिधर्मीच आहे, फक्त कमी. ०.१ ऐकायला चिल्लर वाटतं, पण सामूची पट्टी सरळ मापाची नाही, त्या ०.१ मध्ये हायड्रोजन आयन पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढतात. खरा घोळ असा की आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव भाग समुद्र पितो आणि तो पाण्यात गेला की कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतो, आणि शिंपल्याला कवच बांधायला कार्बोनेटच लागतं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या घरी यंत्रमाग चाललेले असतात, त्यांना मी म्हटलं, व्हिनेगर म्हणजे विणलेल्या चादरीला काडी लावणं, समुद्रात चाललंय ते म्हणजे सूतच कमी येणं. लगेच कळलं. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २००७ च्या सुमारास कालवांच्या (ऑयस्टरच्या) हॅचरीत, म्हणजे पिल्लं तयार करायच्या केंद्रात, लाखो करोडो पिल्लं मेली ती अशीच, मोठी कालवं टिकली, पहिल्या दोन-तीन दिवसांत कवच बांधणारी पिल्लं गेली.

मग व्हिनेगरशिवाय हे दाखवायचं कसं? उत्तर पानपट्टीवर मिळालं. पाच रुपयांचा चुना. हरभऱ्याएवढा चुना बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा, वरची निवळी गाळून घ्यायची. त्यात फुंकलं की पाणी दुधाळ होतं, हे पुस्तकात आहेच, ते दुधाळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिंपला ज्याचा असतो तेच. पण फुंकतच राहिलं तर ते परत स्वच्छ होतं! श्वासाने बनलेला शिंपला श्वासानेच विरघळतो, आम्ल ओतायची गरजच नाही. पहिल्यांदा आमचं फसलं, दहा मिनिटं आळीपाळीने फुंकलं (प्रत्येकाची स्ट्रॉ वेगळी, आणि ओढायचं नाही, फुंकायचं, हे चारदा सांगा) तरी दुधाळ ते दुधाळच. निवळी फार घट्ट होती. एक भाग निवळी आणि दहा भाग डिस्टिल्ड पाणी, ते बॅटरीच्या दुकानात मिळतं, असं केलं आणि मागे काळा कागद धरला तर आधी धुरकट आणि चार-पाच मिनिटांनी काळा कागद लख्ख दिसायला लागला. किटातल्या नळीने सोडा-व्हिनेगरचा गॅस सोडला तर आणखी लवकर. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका एवढं सांभाळा.

सामूच्या पट्ट्यांबद्दल एकच वाक्य, १ ते १४ च्या आहेत, त्यावर ८.१ आणि ७.८ एकाच हिरव्या रंगाचे दिसतात, म्हणजे ज्या फरकासाठी किट घेतलं तोच दिसत नाही. हळदीच्या कागदालाही हा फरक कळत नाही, म्हणून तो सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पाचपैकी तीन स्टार. काटा आणि ब्रोमोथायमॉलसाठी दोन, पिवळ्या धाग्यांसाठी एक. वॉर्निशबद्दल मेल केला तर दोन दिवसांत उत्तर आलं, नवीन शिंपले पाठवतो म्हणाले, आले पण, पुन्हा तसेच चकचकीत. एकट्या मुलासाठी घरी घेणार असाल तर मी नको म्हणेन, नुसती ब्रोमोथायमॉलची बाटली प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते, काटा वेगळा घ्या, बाकी सगळं स्वयंपाकघरात आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे आहे. शाळेला बिल लागतं म्हणून घेणार असाल तर घ्या, पण शिंपले मात्र कोकणातल्या कुणाला तरी सांगून मागवा, आणि धुवून पाठवायला सांगा, आमचं पार्सल उघडलं तेव्हा स्टाफरूम दोन दिवस वास मारत होती.