ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला पंखा कोणता: व्हिस्कस क्लचचा की इलेक्ट्रिक?

मागे भरलेला ट्रेलर, लांबलचक चढ आणि वेग ताशी 30-40 किलोमीटर. रेडिएटरच्या पंख्याची परीक्षा होते ती इथे. इंजिन पूर्ण जोर लावत असतं, कूलंटमध्ये भरमसाट उष्णता उतरत असते आणि समोरून येणारा वारा मात्र तोकडा पडतो. सपाट रस्त्यावर 80 च्या वेगाने जाताना दोन्ही पंख्यांत फारसा फरक नाही, कारण तिथे वाराच काम करतो.

इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांत निवड अशी नसतेच, तिथे इलेक्ट्रिक पंखाच लागतो. प्रश्न आहे तो लांबीत इंजिन असलेल्या गाड्यांचा, जिथे मूळचा फॅन क्लच (इंजिनवर फिरणारा पंखा घट्ट तेलाच्या साहाय्याने गरजेप्रमाणे जोडणारा व्हिस्कस क्लच) काढून इलेक्ट्रिक पंखे बसवता येतात.

इलेक्ट्रिकच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. तो इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतो. चढावर ट्रेलर मागे घेताना किंवा खोळंबलेल्या रांगेत उभं असताना तो पूर्ण वेगाने हवा ओढतो, तर व्हिस्कस पंखा आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं चालू ठेवलेलं असताना, मंदच असतो. शिवाय गरज नसेल तेव्हा तो बंद राहतो.

मला खटकतो तो त्याचा कनेक्टर, म्हणजे वायर जोडणारा प्लास्टिकचा प्लग. मोठ्या पंख्यांची जोडी 30 ते 40 अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी जास्त. कनेक्टरच्या पिनेत नुसता 0.01 ओहमचा रोध आला, तरी 40 अँपिअरला तिथे 16 वॉट उष्णता तयार होते, तीही बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये. पिनेची पकड सैल होते, त्यामुळे रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते आणि प्लास्टिक तपकिरी पडत वितळतं. हे घडतं नेमकं चढावर, पंखा सलग चालत असताना, आणि अगदी गुपचूप. बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मोठ्या टप्प्यात मधोमधच उभा राहतो. तो हलेपर्यंत कूलंट बरंच तापलेलं असतं.

फॅन क्लच याउलट बोलका. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पुढची द्विधातूची स्प्रिंग झडप उघडते, सिलिकॉनचं तेल आत सरकतं आणि पंखा घोंगावू लागतो. चढाला गिअर खाली टाकून इंजिन 3000 फेऱ्यांवर ठेवलं की पंख्याबरोबर पाण्याचा पंपही जोरात फिरतो. या पंख्यापायी इंजिनची थोडी ताकद जाते, आवाजही कानावर येतो, पण तो आवाज मला काट्यापेक्षा भरवशाचा वाटतो. बिघाडही हळूहळू होतो: हबवर तेलाचे ओघळ दिसतात. गरम इंजिन बंद करून किल्ली काढा आणि पंखा हाताने फिरवा. तो सैल भिरभिरत राहिला, तर क्लच गेला. जड लागला, तर ठीक आहे. पाती कड्याच्या, म्हणजे श्राउडच्या, साधारण अर्धी आत हवीत. श्राउड तुटलेलं असेल, तर चांगला क्लचही वाया जातो.

तरी इलेक्ट्रिकच घ्यायचा ठरला, तर प्रत्येक पंख्याला वेगळा रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), वेगळा फ्यूज आणि 6 चौरस मिलिमीटरची वायर द्या. अर्थिंग नीट घासलेल्या धातूवर घ्या. पंखा चालू असताना त्याच्या पिनांवरचं व्होल्टेज बॅटरीशी ताडून पाहा. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर कनेक्टर उघडून पाहायलाच हवा.

कोणताही पंखा असो, रेडिएटरचं झाकण तपासा. पाणी आणि अँटिफ्रीझचं 50:50 मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाने धरून ठेवलेल्या 15 पीएसआयच्या दाबाखाली 129 च्या आसपास. झाकणाची स्प्रिंग मेली की ही सगळी सवलत जाते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर त्याच्या तेलाला वेगळा कूलर लावणं रेडिएटरवरचा भार हलका करतं.

ट्रेलर क्वचितच जोडणाऱ्याला आणि ज्याचं बरंचसं काम जागच्या जागी मागेपुढे करण्याचं आहे त्याला इलेक्ट्रिक कदाचित जास्त सोयीचा पडेल. चढावर नियमित ओझं ओढायचं असेल, तर मी मूळचा क्लच काढणार नाही; गळत असेल, तर नवा क्लचच बसवीन.