अर्धवट राहिलेले भूत: ‘द वुमन इन ब्लॅक’ (१९८९) पुन्हा पाहताना

इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करणारा आमचा मामा १९९० च्या मे महिन्यात अंबाजोगाईला आला, तेव्हा त्याच्या सामानात आजोबांसाठी दाढीचे यंत्र, आम्हा मुलांसाठी चॉकलेटे आणि चार व्हिडिओ कॅसेट होत्या. त्यांपैकी एका कॅसेटच्या कडेला त्याने निळ्या शाईने मराठीत नुसते ‘भूत’ असे लिहून ठेवले होते. आदल्या नाताळात तिकडच्या टीव्हीवर लागलेला हा चित्रपट त्याने घरीच रेकॉर्ड केलेला होता. इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांत टीव्हीची पद्धत एकच, म्हणजे पाल असल्यामुळे ती कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर चालली. अमेरिकेहून कुणी आणलेल्या कॅसेट मात्र येथे लावल्या की पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा दिसत. व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीपुरते भाड्याने आणले होते. माजघरात सतरंज्या अंथरून आम्ही दहा-बाराजण बसलो, आणि आजीला कळावे म्हणून मामा प्रत्येक वाक्य मोठ्याने मराठीत सांगू लागला.

त्या रात्री चित्रपट पूर्ण झाला नाही. पडद्यावरच्या त्या एकाकी घरातले जनरेटर कुरकुरू लागले, दिवे मंदावले, तो तरुण वकील अंधारात जनरेटरकडे निघाला आणि नेमकी त्याच वेळी आमच्याकडची लाईट गेली. लाईट जाण्याचे आम्हाला काही नवल नव्हते, पण तेव्हा अंधारात जी किंकाळी उठली ती मी पुढे कित्येक वर्षे विसरले नाही. दीड तासाने लाईट आली, तोपर्यंत आजीने फर्मान काढले होते की आता झोपायचे. सकाळी व्हीसीआर परत गेला. उरलेली गोष्ट मामाच्या तेरा वर्षांच्या मुलाने आम्हाला रात्री माळवदावर, चांदण्यात, हातवारे करून सांगितली. तो दादा गेल्या दिवाळीत याच चित्रपटाची ब्लू-रे चकती आणि तिकडून आणलेला प्लेअर घेऊन छत्रपती संभाजीनगरला माझ्या घरी आला, आणि मी हा चित्रपट शेवटपर्यंत, तोही आयुष्यात पहिल्यांदाच, पाहिला. हे परीक्षण त्या चकतीचे आहे, आणि थोडेसे माझ्या स्मरणशक्तीचेही.

सुझन हिल यांच्या १९८३ च्या कादंबरीवरून नायजेल नील यांनी पटकथा लिहिली, हर्बर्ट वाइज यांनी दिग्दर्शन केले आणि ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने २४ डिसेंबर १९८९ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री, तो दाखवला. नाताळात भुताच्या गोष्टी सांगण्याची इंग्रजांची जुनी रीत आहे. आपल्याकडे आमावास्येला जे बोलायचे नाही म्हणतात, ते ही मंडळी सणाच्या आदल्या रात्री सगळे घर गोळा करून ऐकतात. कथा १९२० च्या दशकातली आहे. आर्थर किड हा बायकामुले असलेला तरुण वकील, लंडनहून पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावी, मिसेस ड्रॅब्लो नावाच्या एकाकी वृद्धेच्या मृत्यूनंतर तिची कागदपत्रे आवरण्यासाठी जातो. तिचे घर दलदलीत आहे आणि तेथे जाणारा एकमेव रस्ता भरती आली की पाण्याखाली जातो. अंत्यविधीच्या वेळी त्याला काळे कपडे घातलेली एक बाई दिसते. तिच्याविषयी त्याने सहज विचारले, तर गावातले लोक बोलायचे थांबतात. गावाला काय ठाऊक आहे आणि ते कुणी का सांगत नाही, यावरच पहिला तास चालतो.

समुद्र न पाहिलेल्या मुलांना भरती-ओहोटी समजावताना मामाची त्या रात्री बरीच दमछाक झाली होती. भूगोलाच्या पुस्तकातली चंद्राची आकृती सोडली तर आमच्यापैकी कुणाला पाणी रोज दोनदा रस्ता गिळते ही कल्पनाच करता येईना. चिखल मात्र आम्हाला कुणी समजावून सांगावा लागला नाही. धुक्यात घोडागाडी दलदलीत रुतते, घोडा खिंकाळतो, बाई ओरडते, लेकरू आईला हाक मारते आणि मग सगळे बुडते, असा जो ध्वनी या चित्रपटाचा कणा आहे तो ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातले काळे रान होते. अशा रानात गाडी आसापर्यंत रुतली की बैल गुडघे टेकतात, चाक हलत नाही आणि माणसाचा पाय उचलला की चप्पल खालीच राहते. आजीने तेव्हा मामाचे भाषांतर मध्येच थांबवून म्हटले होते, “लेकरू बुडालंय तिचं, ती कशी गप बसंल?” कथेतले सगळे गुपित उलगडायला अजून अर्धा तास होता. आजीने ते नुसत्या आवाजावरून ओळखले होते.

आता चांगल्या स्पीकरवर ऐकताना जाणवले की हा अपघात आपल्याला एकदाही दाखवलेला नाही. पडद्यावर फक्त पांढरे धुके आहे आणि त्यात उभा राहून कानोसा घेणारा एक माणूस. पहिल्यांदा ऐकताना त्याला, आणि आपल्यालाही, वाटते की खरोखरच कुणी बुडते आहे. तो मदतीला धावू पाहतो, पण आवाज कोणत्या दिशेने येतो तेच कळत नाही. आपल्याकडे चकवा माणसाला रात्रभर एकाच शेतात फिरवतो म्हणतात, तसे. पुढे तोच आवाज, त्याच क्रमाने, पुन्हा येतो आणि तेव्हा खरी भीती सुरू होते, कारण हे आत्ता घडत नसून केव्हाचे घडून गेलेले आहे हे आपल्या लक्षात येते.

घडून गेलेली गोष्ट जागेवर ठसून राहते आणि पुन्हा पुन्हा वाजते, ही कल्पना नील यांची जुनी आवड होती. १९७२ साली बीबीसीसाठी लिहिलेल्या ‘द स्टोन टेप’मध्ये त्यांनी भूत म्हणजे दगडात उमटलेले ध्वनिमुद्रणच मानले होते. येथे त्यांनी त्या घरात विजेचे दिवे आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र आणले. मृत म्हातारीने मेणाच्या नळकांड्यांवर स्वतःचा आवाज भरून ठेवलेला आहे, आणि दिवसा, लख्ख उजेडात, वकील कागदपत्रे चाळता चाळता तो ऐकत बसतो. खरखरीतून येणारा तो थकलेला आवाज ऐकताना मला आमची कॅसेट आठवली. जाहिराती लागल्या की मामा रेकॉर्डिंग थांबवत असे, त्यामुळे प्रत्येक भागाच्या टोकाला चित्र एकदा हिसका खाई. आणि चित्र जुळवण्याचे, म्हणजे ट्रॅकिंगचे, बटण कितीही फिरवले तरी पडद्याच्या तळाशी एक पांढरी पट्टी थरथरत राही. त्या पट्टीला मी कित्येक वर्षे दलदलीतले पाणी समजत होते. चकतीवर ती पट्टी नाही, आणि चित्र इतके स्वच्छ आहे की क्षणभर चुकल्यासारखे वाटले.

काळ्या कपड्यातली बाई स्वतः पडद्यावर फारच थोडा वेळ येते. ही भूमिका पॉलिन मोरन यांनी केली आहे. अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेरावरच्या टीव्ही मालिकेतली चोख सेक्रेटरी मिस लेमन म्हणून त्या अनेकांना ओळखीच्या असतील, पण येथे ती ओळख पुसून जाते. भूत अंधारात, कोपऱ्यात, अर्धे दिसावे असा जो संकेत आहे तो दिग्दर्शकाने मोडला आहे. ती ढगाळ पण स्वच्छ दिवसा, मोकळ्या जागी, पूर्ण उभी दिसते आणि काहीच करत नाही. घराजवळच्या कबरींमध्ये वकील मागे वळतो तेव्हा ती थोड्याच अंतरावर उभी असते, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका उघडा द्वेष असतो की तो पळत सुटतो. आजकालच्या भयपटांत दार आदळते, कानठळ्या बसतात आणि आपण दचकतो. ते दचकणे दोन मिनिटांत विरते. येथे कुणी दचकवत नाही, फक्त बघते. दुपारी चारच्या उन्हातही हा प्रसंग तितकाच अंगावर येतो, हे मी पुन्हा लावून तपासले.

आता त्या बहुचर्चित प्रसंगाविषयी. या चित्रपटाचे नाव काढले की पाहिलेला प्रत्येक जण एकाच क्षणाविषयी बोलतो: अंथरुणात पडलेल्या वकिलावर ती बाई किंचाळत झेपावते तो. मलाही तो स्वच्छ आठवत होता. माझ्या आठवणीत ती छताच्या लाकडी तुळईला लोंबकळलेली होती, खोलीला कोनाडे होते आणि कोनाड्यात कंदील होता. चकती पाहताना कळले की यांतले काहीही चित्रपटात नाही. ती तुळई, ते कोनाडे आणि तो कंदील आमच्या आजोळच्या वाड्यातले होते. माळवदावर बसून दादाने सांगितलेली गोष्ट मी आमच्याच घरात घडवून घेतली होती आणि पुढे ती ‘पाहिली’ असे समजत आले होते. अंधारातली ती किंकाळीही चित्रपटातली नव्हती. ती माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची होती. दादाला हे सांगितल्यावर त्यानेही कबूल केले की इंग्लंडमध्ये तो प्रसंग त्याने उशीच्या आडून पाहिला होता, त्यामुळे तुळई कुठून आली याचा दोष सर्वस्वी माझा नाही.

मूळ प्रसंग माझ्या कल्पनेपेक्षा साधा आणि म्हणून जास्त वाईट आहे. तो त्या झपाटलेल्या घरात घडतच नाही. वकिलाची तेथून सुटका झालेली आहे, तो गावात, माणसांत, उबदार अंथरुणात आहे, उशीखाली शिशाचा एक खेळण्यातला शिपाई सापडतो आणि मग ती येते. कॅमेरा हलत नाही, ती मात्र जवळ जवळ येत राहते, आणि किंकाळी नको तितकी लांबते. घर सोडले म्हणजे भूत सुटले, हा जो आधार आपण मनाशी धरलेला असतो तो त्या अर्ध्या मिनिटात निघून जातो.

शेवट मी सांगत नाही. भरदिवसा, सुंदर हवेत, पाण्यावर तो घडतो, एवढेच सांगते. कादंबरीतला शेवट वेगळा आहे. मला पडद्यावरचा अधिक निर्दय वाटला.

दोषही आहेत. लंडनमधली सुरुवातीची दृश्ये आणि तिथली घरगुती बोलणी संथ आहेत. आमच्या घरातली कॉलेजवयीन मंडळी पहिल्या वीस मिनिटांत दोनदा मोबाईलकडे वळली. वकील लंडनला परतल्यावर त्याच्या मनाचा तोल ढळतो तो भाग घाईत उरकला आहे, आणि तेथे एड्रियन रॉलिन्स यांचा अभिनय किंचित चढा लागतो, जरी आधीचा पाऊण तास जवळजवळ एकट्याने, कुत्र्याशी बोलत, त्यांनी उत्तम सांभाळला आहे. (हेच रॉलिन्स पुढे हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हॅरीचे वडील झाले, आणि २०१२ साली याच कादंबरीवर निघालेल्या मोठ्या चित्रपटात वकिलाचे काम हॅरी पॉटर फेम डॅनिअल रॅडक्लिफ यांनी केले. म्हणजे आधी बाप त्या घरात जाऊन आला, मग मुलगा.) रॅचेल पोर्टमन यांचे संगीत मोजके आहे. पुढे १९९६ च्या ‘एमा’साठी त्यांना ऑस्कर मिळाले, येथे मात्र त्यांचा मोठेपणा कुठे गप्प राहायचे हे कळण्यात आहे.

२०२० साली निघालेल्या या ब्लू-रेवर मूळ फिल्मवरून नव्याने साफ केलेले चित्र आहे आणि ते दोन आकारांत दिलेले आहे: टीव्हीवर दाखवले तसे चौकोनी, आणि आजच्या रुंद पडद्यासाठीचे. चौकोनीच निवडावे. रुंद आकारात वरचे आभाळ कापले जाते, आणि प्रचंड आभाळाखाली ती बाई काडीएवढी उभी आहे हाच तर त्या चित्राचा अर्थ आहे. सोबत लेखक-अभिनेते मार्क गॅटिस, समीक्षक किम न्यूमन आणि या चित्रपटात लहानशी भूमिका केलेले अँडी नायमन यांच्या, चित्रपट चालू असताना ऐकायच्या गप्पांचा ध्वनिमार्ग आहे. तो दुसऱ्या वेळी ऐकण्यासारखा आहे, पहिल्या वेळी मुळीच लावू नये. चकती काढणारी कंपनी २०२३ मध्ये बंद पडली, त्यामुळे नवी प्रत मिळवणे आता सोपे नाही. तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्याला आत्ताच सांगून ठेवावे. मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहायचा असेल तर न पाहिलेलाच बरा, कारण धुक्यातला तो आवाज मोबाईलच्या स्पीकरमधून बाजारातल्या गलबल्यासारखा वाटेल.

माझ्याबरोबर ताईही होती. दलदल, कबरी, मेणाच्या नळकांड्या हे सगळे तिने सुपारी कातरत शांतपणे पाहिले. जनरेटर कुरकुरू लागले तेव्हा मात्र ती काही न बोलता उठली, जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागलेला आहे का ते पाहून आली, आणि मगच पुढचे लावू दिले.