चॉकलेटच्या केकवर चित्र: रंगीत कोको बटर की पांढरे चॉकलेट?

चॉकलेटचे आवरण असलेल्या केकवर चित्र काढताना पहिली अडचण हाताची नसून पृष्ठभागाची असते, कारण तो स्निग्ध असल्यामुळे पाण्यात कालवलेला रंग त्यावर पसरत नाही. फॉंडंटवर, म्हणजे साखरेच्या लवचिक आवरणावर, उत्तम चालणारे जेल रंग येथे थेंबाथेंबांत आकसतात, आणि तेच वितळलेल्या चॉकलेटमध्ये घातले तर त्याचा दाणेदार गोळा होतो. म्हणून निवड मुख्यतः दोनच माध्यमांत करायची आहे: रंगीत कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतील रंग घातलेली चरबी, किंवा पांढरे चॉकलेट, हवे तर त्यात तेलात मिसळणारा रंग घालून.

कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, परंतु रंगवताना ते ३० ते ३२ अंशांच्या दरम्यान राखावे लागते. अधिक गरम असेल तर खालचे चॉकलेट सुटून रंगात तपकिरी छटा मिसळते, आणि थंड झाले तर ते ब्रशवरच थिजते. या कटकटीचा मोबदला म्हणजे पातळ, चकचकीत थर आणि एकमेकींत विरत जाणाऱ्या छटा. पैठणीवरच्या मोराची मान निळ्यातून हिरव्यात न्यायची असेल, तर दुसरे माध्यम तेथे कमीच पडते. मात्र हा थर अर्धपारदर्शक असल्यामुळे गडद चॉकलेटवर पिवळा किंवा लाल रंग जवळजवळ दिसेनासा होतो. आधी पांढरा हात देऊन तो थिजल्यावरच रंग भरावा. साच्यात चॉकलेट रंगवण्याची सवय असलेल्यांनी विशेष सावध राहावे, कारण तेथे हा क्रम नेमका उलटा असतो.

पांढरे चॉकलेट दाट आणि अपारदर्शक असते. बटर पेपरच्या कोनातून त्याची रेघ ठसठशीत उमटते, छटा मात्र साधत नाहीत. वारली चित्रांना छटा लागतच नाहीत: गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेले त्रिकोण, वर्तुळे आणि रेषा तपकिरी आवरणावर जशाच्या तशा उतरतात, आणि रंगाचा खर्चही वाचतो.

केकवर कंपाऊंडचे, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती चरबी वापरलेल्या चॉकलेटचे, आवरण असेल तर रेघही पांढऱ्या कंपाऊंडचीच काढावी, कारण त्यातील वनस्पती चरबी आणि कोको बटर यांचे फारसे जमत नाही. केक दोन दिवसांत संपणार असेल तर ही काळजी सोडून दिली तरी चालेल. मऊ गनाशवर, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणावर, ब्रश रुततो, त्यामुळे तेथे कोनच बरा.

लाल रंग घेताना मात्र लेबल वाचावे, कारण कार्माइन हे लाल रंगद्रव्य कीटकांपासून बनते आणि शाकाहारी ग्राहकाला ते चालणार नाही. सोनेरी भुकटीच्या डबीवर केवळ ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असेल तर ती खाद्य आहे असे समजू नये.

पहिलाच केक असेल तर माझे मत पांढऱ्या चॉकलेटच्या बाजूने आहे. सराव बटर पेपरवर थिजवलेल्या चॉकलेटच्या पट्टीवर करावा. चित्र बिघडले तर ती पट्टी वितळवून गनाशमध्ये वापरता येते.