स्वतःचं लेबल काढावं की दुसऱ्याच्या लेबलवर जावं?

लॅपटॉपवर आठ-दहा ट्रॅक पडून आहेत, त्यातले तीन-चार चारचौघांत ऐकवण्यासारखे आहेत. आता ते बाहेर कसे काढायचे? बेळगावातली टिळकवाडी असो, खानापूर असो की निपाणी, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी पोरं इथंच येऊन अडतात. चालत्या लेबलला, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीला, डेमो पाठवायचा की आपलंच लेबल काढायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो: फक्त स्वतःचीच गाणी असतील तर लेबल काढू नका. लेबल म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यावर आपला वेळ आणि पैसा घालायची तयारी. ती नसेल तर वितरक पुरतो.

वितरक म्हणजे डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर, सीडी बेबी वगैरे. पैसे भरले की ट्रॅक स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर चढतो, आयएसआरसी नंबरही (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) तेच देतात. लेबलच्या रकान्यात हवं ते नाव टाकता येतं, काही ठिकाणी त्याचे जादा पैसे पडतात इतकंच. म्हणजे नावापुरतं लेबल चहा गार व्हायच्या आत निघतं.

पैशाचं थोडक्यात. छोटी लेबलं बहुधा खर्च वजा करून निम्मं-निम्मं देतात. मास्टरिंग (ट्रॅकच्या आवाजावरचा शेवटचा हात), कव्हर, प्रसिद्धी हे सगळं आधी वळतं होतं, त्यामुळं पहिल्या हिशेबात हाती काही लागेलच असं नाही. स्वतः काढलं तर सगळं आपलं, पण खर्चही आधी आपल्याच खिशातून. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या ट्रॅकला वर्षभरात १,००० प्ले मिळत नाहीत, त्याला रॉयल्टीच नाही. बँडकॅम्प ही ऐकणाऱ्यांना थेट गाणी विकायची साइट डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतं, पण ऐकणारे मोजकेच असतील तर तिथं विकत घेणारे चार जण परवडतात.

खरा फरक पडतो तो कामाच्या पद्धतीत. समजा, तुम्ही वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत हलगी रेकॉर्ड केली. फोन उंच धरून केलेलं रेकॉर्डिंग हमखास फाटतं. हातातला साधा रेकॉर्डर घ्यावा आणि पातळी इतकी खाली ठेवावी की सगळ्यात जोरकस टोलाही मीटरवरच्या शून्याच्या १०-१२ डेसिबल खाली राहील. २४ बिटवर नंतर आवाज वाढवला तरी बिघडत नाही. घरी येऊन ऐकलं की दुसरीच गंमत कळते. हलगीचं कातडं जाळावर शेकलं की सूर चढतो, वाजवता वाजवता रात्रीच्या गारव्यात तो उतरत जातो. सुरुवातीचा तुकडा आणि तासाभरानंतरचा तुकडा शेजारी ठेवले तर जुळत नाहीत.

बाहेरच्या लेबलचा माणूस बहुतेक वेळा हा उतार दुरुस्त करायला आणि ठोके ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेघांवर, बसवायला सांगेल. त्याचं चुकतं असं नाही, त्याच्या डीजेंना पुढचा ट्रॅक जोडायचा असतो. आपल्या लेबलवर मात्र त्या उतरत्या सुरावरच अख्खा ट्रॅक उभा करता येतो. पण तिथं नको म्हणणारं कुणी नसतं, ही त्याची दुसरी बाजू. सात मिनिटांचा ट्रॅक साडेचारवर आणायला लावणारा कान दुसऱ्याच्या लेबलवर फुकट मिळतो. स्वतःच्या लेबलवर तो शोधावा लागतो, आणि शक्यतो तो जिवलग मित्राचा नसावा.

त्या हलगीवाल्याचं काय? कायद्यानं तो कलाकार आहे. त्याच्या वादनावर त्याचा हक्क ५० वर्षं असतो, आणि कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीतही. दुसऱ्याचं लेबल त्याच्या परवानगीचा कागद तुमच्याकडं मागेल. आपल्या लेबलवर तो करणारे तुम्हीच. मिरवणुकीतून गपचूप उचललेला आवाज विकण्यापेक्षा नंतर त्यालाच घरी किंवा स्टुडिओत बोलवावं, पैसे द्यावेत, एका पानावर सही घ्यावी. त्याला वाचता येईल त्या भाषेत, मराठी नाहीतर कन्नड. सिनेमाच्या गाण्यांचे रिमिक्स मंडळाच्या डीजेला कितीही दिलेत तरी परवानगीशिवाय ते कुठल्याच लेबलवर चालत नाहीत.

दुसऱ्याकडं जाणार असाल तर करारात एकच गोष्ट दहा वेळा वाचा: मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे हक्क, कायमचं देताय की ठरावीक वर्षांसाठी? भारतीय कायद्याखालच्या करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी लेबलच्या करारात हा आधार मिळेल असं धरून चालू नका. संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व मात्र कुठल्याही वाटेनं गेलात तरी घ्या, ते लेबलवर अवलंबून नाही.

मग लेबल कुणी काढावं? लंडनचा डीजे आणि संगीतकार कोड९ यानं २००४ मध्ये हायपरडब हे लेबल सुरू केलं, सुरुवात स्वतःच्या रेकॉर्डनं केली. पण जगभर लेबलचं नाव झालं ते मुख्यतः बरियल या दुसऱ्याच माणसाच्या संगीतानं. वडगाव, शहापूर, चिकोडीत दोघं-तिघं असे असतील, ज्यांचे ट्रॅक ऐकून 'हे मी केलं असतं तर!' असं वाटतं, आणि त्यांच्या मास्टरिंगला स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला हात आखडत नाही, तर जरूर काढा. पहिलं प्रकाशन सगळ्यांचं मिळून करा. प्रत्येकाशी वेगळा करार, दर सहा महिन्यांनी हिशेब, शून्य असला तरी पाठवायचा. आणि प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच नंबर द्यायचा असतो, नवा घेतलात तर जुन्या प्लेंवर पाणी सोडावं लागेल.