कुरणातल्या तणांसाठी आणि झुडपांसाठी तणनाशकं: एक हंगाम वापरल्यावर काय ठेवलं, काय सोडलं

कुरणासाठी तणनाशक घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तण कुठलं आहे? पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आतापर्यंत कुरणाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी औषधं वापरली, आणि आता माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न हा, की फवारलेलं गवत जी जनावरं खाणार त्यांचं शेण-मूत कुठे पडणार? ते कुरणातच राहणार असेल तर निवड मोकळी आहे. शेणखत भाजीपाल्याला किंवा कडधान्याला जाणार असेल, तर काही औषधं तिथल्या तिथे यादीतून काढून टाकावी लागतात, मग ती तणावर कितीही छान चालोत.

माझ्या कुरणात दोन वेगळी दुखणी होती. उघड्या जागांवर गाजरगवत आणि टाकळा, आणि कडेने आत सरकत आलेली घाणेरी व वेडी बाभूळ. मुख्य गवत चांगलं आहे, मधूनमधून स्टायलोसारखी शेंगवर्गीय चाऱ्याची झाडंही आहेत. शेणखत भाजीच्या वाफ्यांना जातं. पुढचं सगळं याच चौकटीत वाचा.

मोसमी रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी. हे १९४० च्या दशकात आलेलं औषध, आणि कुरणासाठी आजही पहिला विचार याचाच होतो, कारण नेमक्या मात्रेत ते रुजलेल्या गवताला सोडतं आणि रुंद पानाला धरतं. झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करून ते वाढ बेताल करतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाकळ्याचे शेंडे पिळवटून खाली वळलेले दिसतात, ते त्यामुळेच. माझा अनुभव सरळ आहे: तण वीतभराच्या आत असताना फवारलं तर निकाल उत्तम, फुलावर आलेलं गाजरगवत मात्र अर्धमेलं होऊन परत फुटतं. एका झाडाला पंधरा-वीस हजार बिया धरू शकतात, तेव्हा फुलोऱ्यापर्यंत थांबणं परवडतच नाही.

२,४-डी दोन रूपांत मिळतं, अमाइन (म्हणजे क्षार) आणि इस्टर. यातलं कुठलं घ्यायचं, हा खरा निर्णय. इस्टर पानावरच्या मेणचट थरातून लवकर आत शिरतं, म्हणून थोड्या जून तणावर जास्त चालतं. पण उन्हाच्या तडाख्यात त्याची वाफ होते, आणि ती वाफ वाऱ्याबरोबर कापूस, द्राक्ष, टोमॅटो यांच्यावर गेली की त्यांची पानं वेडीवाकडी होतात. आसपास असं पीक असेल तर अमाइनच घ्या. मी अमाइनवर राहिलो आणि वेळेवर फवारलं, इस्टरची गरज पडली नाही. दोन बाटल्यांवरचे टक्के एकमेकांशी ताडून पाहू नका. क्षार आणि इस्टर यांचं वजन वेगळं धरलं जातं, मूळ आम्ल किती आहे ते लेबलवर बघून तुलना करा.

२,४-डी चा मोठा तोटा म्हणजे स्टायलो, बरसीम, लसूणघास हेही त्याच्या लेखी रुंद पानच. कुरणात शेंगवर्गीय चारा हवा असेल तर सरसकट फवारणी टाळून तणाच्या पुंजक्यांवरच मारावं लागतं. २,४-डीबी नावाचा भाऊबंद आहे. तो झाडाच्या आत जाऊन २,४-डी मध्ये बदलतो तेव्हाच मारतो, आणि लसूणघास, क्लोव्हर यांच्यात हा बदल फार हळू होतो, म्हणून ते तगतात. तणं मात्र अगदी कोवळीच हवीत. नव्याने पेरलेल्या गवताला फुटवे येऊन मूळ धरेपर्यंत यातलं काहीही दाखवू नये.

आता झुडपं. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त समाधानही इथेच मिळालं, ते ट्रायक्लोपायरमुळे. हेही संप्रेरकासारखंच काम करतं, गवताला सोडतं, पण लाकडी खोडावर २,४-डी पेक्षा कितीतरी पक्कं बसतं. वेडी बाभूळ नुसती तोडली की बुंध्यातून चार फांद्यांच्या जागी चौदा येतात, कारण तिचे सुप्त डोळे जमिनीलगत आणि थोडे जमिनीखालीही असतात. कुऱ्हाडीने प्रश्न वाढतो तो असा.

दोन पद्धती वापरल्या. मनगटाएवढ्या खोडांसाठी ट्रायक्लोपायरचं इस्टर तेलात मिसळून खोडाच्या खालच्या फूट-दीड फुटाला चहूबाजूंनी लावायचं. साल कोरडी हवी. आणि चहूबाजूंनी म्हणजे खरंच चहूबाजूंनी. एका बाजूची पट्टी कोरडी राहिली की त्या बाजूने झाड जगतं. इथे पाणी चालत नाही, तेलच सालीतून औषध आत नेतं. जाड खोड असेल तर जमिनीलगत कापून लगेच, म्हणजे करवत खाली ठेवल्या ठेवल्या, कापावर औषध लावायचं. पाण्यातलं औषध असेल तर काही मिनिटांचा उशीरही नडतो, काप सुकतो आणि औषध आत ओढलं जात नाही. कापाच्या मधल्या लाकडावर ओतण्यात अर्थ नाही, ते मेलेलंच असतं. सालीच्या आतल्या कडेचं जे ओलसर कडं दिसतं, तेवढंच जिवंत, तिथे ब्रश फिरवायचा.

घाणेरीवर पानांवरची फवारणीही चालली, पण झुडूप जोमात असताना. पाण्याच्या ताणात पानं आखडलेली असतील तर पंप खांद्याला लावूच नका. अलीकडेच जाळलेल्या किंवा छाटलेल्या झुडपालाही पुरेशी पानं येऊ द्यावी लागतात, कारण मुळापर्यंत औषध नेणारी वाट पानातूनच सुरू होते. झुडपांसाठी पावसाळ्याचा उत्तरार्ध मला जास्त भावला. त्या वेळी पानात तयार झालेलं अन्न मुळांकडे जात असतं, आणि औषधही त्याच्याबरोबर खाली उतरतं.

निकाल मोजताना धीर धरा. महिनाभरात पानं गळाली की झुडूप संपलं असं वाटतं, ते खरं नाही. चाकूच्या टोकाने बुंध्याची साल थोडी खरवडून बघा. खाली हिरवट, ओलं दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर काम झालं. माझ्याकडे शेंडा पूर्ण वाळलेल्या काही घाणेरींचा बुंधा खरवडल्यावर हिरवा निघाला आणि पुढे तिथूनच फूट आली. तेवढ्याच झुडपांना दुसरा हात दिला. वाळलेलं झाड तोडण्याची घाई केली तर हे कळतच नाही.

मेटसल्फ्युरॉन मिथाइल थोडक्यात सांगतो. एकरी काही ग्रॅमवर चालणारं औषध, काम सावकाश, तण आधी पिवळं पडतं आणि मग आठवड्यांनी मरतं. काही चिवट बारमाही तणांवर आणि झुडपांवर छान चालतं. पण गवत कुठलं आहे ते आधी पाहावं लागतं. रायग्रास आणि बाहियाच्या काही जाती त्याने भाजतात. जमीन चुनखडीची, जास्त सामूची असेल तर ते जास्त काळ टिकून राहतं. ग्रॅमचा हिशेब असल्याने अंदाजपंचे झाकणाने मापणाऱ्यांसाठी हे नव्हेच, बारीक वजनकाटा हवा. सारखं एकच औषध मारल्यावर तण दाद देईनासं होण्याचा धोकाही या गटात मोठा आहे.

आता ज्या औषधामुळे माझा पहिला प्रश्न बदलला ते, अमिनोपायरॅलिड. तण मारण्यात याच्याबद्दल तक्रार नाही. कुंपण घातलेल्या एका कोपऱ्यात वापरलं, रुंद पानाचं तण साफ गेलं, गवताला धक्का नाही, आणि नव्याने उगवणारं तणही बराच काळ वर आलं नाही. पण हे टिकणंच त्याचं संकट आहे. गवतातून ते जनावराच्या पोटात जातं, तिथे तुटत नाही, बहुतांश जसंच्या तसं शेण-मुतातून बाहेर पडतं, आणि त्या खतात महिनोन्‌महिने राहतं. ब्रिटनमध्ये घरगुती बागांतल्या टोमॅटो, बटाटे, शेंगभाज्यांचं असं नुकसान झाल्यावर २००८ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली, आणि पुढे खताबद्दलच्या कडक अटींसह ती परत सुरू झाली.

मी त्या कोपऱ्यातलं वाळलेलं गवत बारीक करून मातीत मिसळलं, कुंड्या भरल्या, शेजारी न फवारलेल्या गवताच्या कुंड्या ठेवल्या, आणि दोन्हीत घेवडा पेरला. उगवण दोन्हीकडे सारखीच झाली. फरक तिसऱ्या पानापासून दिसला. फवारलेल्या कुंड्यांत पानाच्या कडा वर वळून द्रोण झाला, शिरा जवळजवळ आल्या, शेंडा नेच्याच्या कोंबासारखा गुंडाळून तिथेच थांबला. शेजारची रोपं सपाट पानांची आणि सरळ. अगदी थोडा अंश पुरतो. बाहेरून गवत, पेंढा किंवा शेणखत आणत असाल तर वाफ्यात पसरण्याआधी हीच चाचणी करा, घेवडा किंवा वाटाणा घ्या आणि चांगली तीन-चार पानं येऊ द्या.

पिक्लोरॅम आणि क्लोपायरॅलिड हे याच घराण्यातले. पिक्लोरॅम जमिनीत टिकतं आणि पाण्याबरोबर खालीही उतरतं, म्हणून विहीर, ओढा किंवा हवी असलेली झाडं जवळ असतील तर ते मी हातात घेणार नाही. फवारलेल्या झाडाच्या मुळांतूनही ते मातीत येऊ शकतं. २,४-डी ओलसर, सजीव मातीत त्या मानाने लवकर तुटतं, अर्धं होण्याचा काळ साधारण आठवडा-दीड आठवड्याचा. ट्रायक्लोपायरला सरासरी महिना-दीड महिना लागतो.

ग्लायफोसेट कुरणात सरसकट नको, ते गवतही मारतं. मी पुंजक्यांवर वापरलेल्या जागी गोल उघडी माती राहिली आणि पहिल्याच सरीनंतर गाजरगवताची दाट रोपं त्याच गोलात उगवली. एकच उपयोग मला पटला: जनावरांनी चांगला चारा खाली खाल्ल्यावर वर उरलेल्या उंच, नकोशा गवतवर्गीय तणाला औषधात भिजलेली दोरी किंवा बोळा पुसत जाणं. उंचीचा फरक असेल तरच. गढूळ पाण्यात हे औषध मातीला चिकटून वाया जातं, जड पाण्यातही त्याचा जोर कमी होतो.

चराईबद्दल लेबल वाचायलाच हवं. दुभत्या जनावरांसाठी, वाळवून ठेवायच्या गवतासाठी आणि कत्तलीला जाणाऱ्या जनावरांसाठी थांबण्याचे दिवस वेगवेगळे दिलेले असतात. पण लेबलवर चराईची बंधनं नसली तरी विषारी तण असलेला भाग ते पूर्ण वाळेपर्यंत बंद ठेवा. फवारल्यावर कोमेजताना काही विषारी झाडांत साखर वाढते, चव बदलते, आणि एरवी तोंड न लावणारं जनावर ती खातं. घाणेरीने यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलते, हे एकदा पाहिलेला माणूस कुंपणाला कुलूप लावेल. फवारणीआधी-नंतर दोन-तीन आठवडे कापणीही नको.

साधनांचं एवढंच सांगेन: फ्लॅट फॅन नोझल (पंख्यासारखा सपाट फवारा देणारी तोटी), कमी दाब, मोठे थेंब, आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा. वारा असेल तर काम दुसऱ्या दिवशी. हातमोजे आणि चष्मा औषध मापतानाच सगळ्यात जास्त लागतात, कारण तेव्हा ते घट्ट असतं.

पुढच्या हंगामासाठी माझ्याकडे दोनच औषधं राहणार आहेत. कोवळ्या रुंद पानांसाठी २,४-डी अमाइन, तेही पुंजक्यांवर, आणि लाकडी खोडांसाठी ट्रायक्लोपायर, ब्रशने. अमिनोपायरॅलिडची उरलेली बाटली कुलपात आहे, त्या कोपऱ्यातलं गवत त्याच कोपऱ्यात राहतं, आणि घेवड्याच्या कुंड्या सरळ पानं देईपर्यंत तिथलं काहीही बाहेर जाणार नाही. तण गेलेल्या उघड्या जागांवर मात्र पहिल्या पावसाच्या आधी गवताचं बी टाकायचं आहे.