परसातल्या कोंबड्यांसाठी लेअर मॅश: पैसे वसूल, पण सोबत धान्य दिलं तर शिंपलेही हवेत

कोरेगावच्या बाजारपेठेतल्या पशुखाद्याच्या दुकानातून मी आता नेमानं लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं भरड खाद्य, आणते. परसात गावरान आणि ग्रामप्रिया (जास्त अंडी देणारी सुधारित जात) मिळून डझनभर कोंबड्या आहेत. दिवसभर उकिरड्यावर आणि शेवग्याखाली उकरत असतात. ‘मोकळ्या कोंबडीला विकतचं खाद्य कशाला गं, चार मूठ मका टाक की,’ असं शेजारच्या काकी म्हणतात. गावरानला ते बऱ्यापैकी चालतंही, कारण ती वर्षाला ६०-८० अंडी देऊन मधेच खुडूक बसते. ग्रामप्रिया मात्र नीट खायला मिळालं तर त्याच्या दुपटीहून जास्त अंडी घालते, आणि ती मक्यावर भागत नाही.

हिशोब साधा आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाते. तेवढ्या मक्यात कॅल्शियम किती, तर ग्रॅमचा तिसावा-चाळिसावा भाग. ज्वारीचंही तसंच. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतलं काढून कवच करते. कवच पातळ होत जातं आणि शेवटी पायच धरत नाहीत. मक्यात प्रथिनंही ९ टक्क्यांच्या आसपासच. मी घेते त्या पोत्याच्या चिठ्ठीवर प्रथिनं १८ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्के लिहिलंय. अंड्यावरच्या कोंबडीला एवढं लागतंच.

माल चांगला आहे. पोतं उघडलं की भरड मक्याचा गोडसर वास येतो. मुठीत दाबून सोडलं तर लगेच मोकळं होतं, गोळा राहत नाही. सोयाबीन पेंडीचे पिवळट कण दिसतात. एक तक्रार आहे: दळण एकसारखं नाही. कोंबड्या मक्याचे कण वेचून खातात आणि तळाशी पिठूळ भुकटी उरते. जीवनसत्त्वं आणि क्षार त्या भुकटीतच असतात, ती फेकली तर पैसे पाण्यात. मी सकाळी मॅशवर पाण्याचा हबका मारते, हातानं चोळून भुरभुरीत करते आणि अर्ध्या तासात संपेल एवढाच घालते. उन्हाळ्यात ओला मॅश दुपारपर्यंत आंबतो, म्हणून उरलेला ठेवत नाही. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलं की पायानं उधळायचं बंद होतं.

संध्याकाळी मात्र मका-ज्वारीचा भरडा देते. मुठीचा आवाज आला की सगळ्या खुराड्याकडे धावतात, शोधत फिरावं लागत नाही. पण निम्मं खाणं धान्याचं झालं की कॅल्शियमही निम्म्यावर येतं. ते शिंपल्यांनी भरून काढायचं, त्याच दुकानात मिळतात. चुरा जाडच घ्या, ज्वारीच्या दाण्याएवढा तरी असावा. कवच तयार व्हायला जवळजवळ २० तास लागतात, त्यातले बरेच रात्रीचे. तेव्हा चारा बंद असतो. जाड तुकडे पेट्यात (कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या जठरात) राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. बारीक पूड लवकर पुढे निघून जाते. चुरा खाद्यात कालवू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा ती खाते. अंडी न देणारी तलंग त्या वाटीकडे फारशी वळत नाही, हे मी रोज बघते.

पिल्लांना हा मॅश अजिबात नको. चार-साडेचार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला एवढं कॅल्शियम झेपत नाही, मूत्रपिंडं खराब होतात. पिल्लांना डालग्याखाली वेगळा चिक मॅश द्यायचा, एवढी सोय तरी करावीच लागते.

दुकानात ब्रॉयलरच्या गोळ्याही मिळतात आणि कोंबड्या त्यांवर तुटून पडतात. पण ते वजन वाढवायचं खाद्य आहे. त्यात कवचापुरतं कॅल्शियम नसतं. गाईसाठी आणलेली सरकी पेंडही कोंबड्यांपुढे टाकू नका. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्यामुळे बलकाला हिरवट-तपकिरी रंग येतो. गिऱ्हाईक विचारतं तो केशरी बलक पिवळ्या मक्यानं आणि हिरव्या पाल्यानं येतो. माझ्याकडे मेथीची देठं आणि शेवग्याचा पाला पुरतो.

एका आठवडी बाजारात मला सुटं ‘कोंबडीखाद्य’ स्वस्तात मिळालं होतं. पिशवीला ना चिठ्ठी, ना तारीख, आणि वास कुबट. ते मी कोंबड्यांना घातलं नाही, खड्ड्यात पुरलं. ओल लागलेल्या मक्यात आणि शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष धरतं. उन्हात घातलं तर बुरशी वाळते, विष तसंच राहतं. सुटं खाद्य कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

लेअर मॅश किलोला तीस-पस्तीस रुपयांच्या घरात पडतो. पोतं ५० किलोचं असतं आणि माझ्याएवढ्या कोंबड्यांना ते फार दिवस जातं. निम्मं धान्य देत असल्यानं तर आणखीच. पावसाळ्यात एवढे दिवस खाद्य टिकत नाही, म्हणून मी आणि मागच्या आळीतल्या मावशी एक पोतं निम्मं-निम्मं वाटून घेतो. पोतं फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं. घुशींसाठी पत्र्याचा डबा केला तर उत्तमच. दुकानदार दादा भला माणूस आहे, चिठ्ठीवरची तारीख स्वतःहून दाखवतो आणि जुना माल असेल तर ‘ताई, मंगळवारी गाडी येईल, तेव्हा न्या’ असं सांगतो. कंपनीकडून दहा किलोच्या शिवलेल्या पिशव्या मागव म्हणून त्याच्या मागे लागले आहे. चार-पाच कोंबड्या पाळणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनीही दुकानात हेच मागावं.